माळ्यावरचा डाग

शाहापुरातलं एक जुनं घर, मंगळुरी कौलांचं, आणि त्याच्या माळ्यावर मी पालथा पडलेलो. छातीखाली गोणपाट, नाकासमोर वीतभरावर सागवानी तुळई, तुळई आणि भिंतीच्या मधल्या फटीत तांब्याचा १५ मिलीमीटरचा पाईप, आणि त्या पाईपच्या एल्बोतनं, म्हणजे वळणाच्या तुकड्यातनं, चार-पाच सेकंदाला एक थेंब. उजवा हात कोपरापर्यंत आत जातो, डावा जातच नाही. डोकं वर केलं की कौलाखालची रीप टाळूला लागते. जुलै महिना, बाहेर आमच्या बेळगावचा तो न थांबणारा पाऊस, आत उंदराच्या लेंड्या आणि पन्नास वर्षांची धूळ.

खाली मदतीला आमचा पोरगा. बैलहोंगलकडचा, मराठी कळतं पण तोंडात कन्नड. मी वरनं ओरडलो, "पाणी बंद केलास काय रे?" खालनं उत्तर आलं, "आतु!"

आता कन्नडमध्ये, म्हणजे आमच्या इकडच्या कन्नडमध्ये, आतु म्हणजे झालं. मला कौलावरच्या पावसात ऐकू आलं "आत." मी म्हटलं आत कुठं, पाईपात? टाकीत? परत ओरडलो, "आत किती हाय?" तो परत, "आतु री, आतु!" असं तीन वेळा झालं. शेवटी तो शिडीवरनं डोकं वर काढून म्हणाला, "अण्णा, नीर बंद माडिदे," तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्या धंद्यात असंच आहे, शिव्या मराठीत, मापं इंग्रजीत आणि हिशेब कन्नडमध्ये, पण इतकी वर्षं काढून आतु आणि आत यात मी फसलो ते त्या दिवशीच पहिल्यांदा.

गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. वॉल्व्ह बंद झालेला आणि पाणी आतच. जुना पितळी गेट वॉल्व्ह, बोअरच्या पाण्याचा क्षार त्याच्या बसायच्या जागी साठून दगड झालेला, कितीही पिळा, थोडं पाणी सोडतोच. आणि तांब्याला डाग द्यायचा म्हणजे पाण्याचा एक थेंब पण वैरी. (डाग म्हणजे कथील वितळवून केलेला सांधा. पुस्तकात डाख म्हणतात, आमच्याकडं सगळे डागच म्हणतात, मी पण तेच लिहिणार.) कारण साधं आहे. बिनशिशाचं सोल्डर, म्हणजे डागाचं कथील, २३० अंशाच्या आसपास वितळायला लागतं आणि पाणी शंभराच्या वर जातच नाही, आपलं गाव समुद्रापासून ७५० मीटर उंचीवर म्हटल्यावर शंभरच्या पण दोन-तीन अंश अलीकडंच उकळतं. म्हणजे पाईपात पाणी असेपर्यंत तुम्ही खालनं कितीही आग लावा, सगळी उष्णता ते पाणी गिळतं आणि जॉइंट थंडच राहतो. नवीन माणूस मग चिडून गॅस वाढवतो, बाहेरनं फ्लक्स, म्हणजे डागाआधी लावायचं मलम, जळून काळा होतो आणि काम तिथंच संपतं. बरं, थेंब उकळला तरी सुटका नाही, पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, मग ती वितळलेल्या कथलातनंच भोक पाडून बाहेर येते. टाचणीएवढं भोक. ते आज दिसत नाही, आठवड्यानं दिसतं.

शाहापुरातल्या कौलारू घरात तांब्याचा पाईप आला कुठनं असं कोणी विचारेल. घरच्या मुलानं आखाती देशात बरीच वर्षं काढली, परत आला तेव्हा मागच्या बाजूला स्लॅब टाकला, त्यावर सोलर बसवला आणि सोलरपासून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची लाईन हट्टानं तांब्याची केली. पाईप, फिटिंग तिकडनंच आणलेलं. तो आता परत तिकडंच आहे, इथं आजी एकट्या आणि वर भाडेकरू. शेजारच्या प्लंबरनं आजींना सांगितलेलं की हे सगळं काढून सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप, मारा, गोंद लावला की अर्ध्या तासात काम. त्याचं चूक नाही, मी पण दहातली नऊ कामं सीपीव्हीसीचीच करतो, पोट त्याच्यावर आहे. पण ते ९३ अंशापर्यंतचं, आणि मे महिन्यात घर बंद असलं, पाणी कोण वापरत नसलं की सोलरच्या टाकीत काय होतं ते मी झाकण उघडून बघितलंय. शिवाय खरं सांगू काय, तांब्याचं काम आलं की मला जरा बरंच वाटतं. वर्षाला चार येतात. पान्यानं आवळायचं कॉम्प्रेशन फिटिंग टाक की, आग कशाला, असं पण एकानं फोनवर सांगितलं, त्याला म्हटलं ये आणि त्या फटीत दोन पाने फिरवून दाखव.

मी हे काम शिकलो दोन ठिकाणी. पहिलं मामाकडं. मामा शाहापुरातच कल्हई करायचा, आणि बंबाला, घागरीला डाग द्यायचा. आमच्या गावाला धातूचं जरा वेडच आहे, उद्यमबागेत फाउंड्र्या, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच. मामा हे सांगताना असं सांगायचा की जणू याच्या शेजारीच काढलं, आणि मग १९१० ला ते किर्लोस्करवाडीला गेले हे सांगताना त्याला अजून राग यायचा. असो. मामाच्या भट्टीचा भाता मारायचं काम माझं. भांडं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर भस्सकन वर, नाकाला झोंबणारा, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायची, काळं भांडं बघता बघता चांदीचं. मी एकदा विचारलं की कथील असं पळतंय कसं काय. म्हणाला, "ते गरमीच्या मागं जातंय. तू त्याला ढकलाय जाऊ नको, गरमी पुढं न्हे, ते येतंय आपसूक. पण वाटंत घाण असली की थांबतंय बघ, सोवळं हाय ते."

आणि पुढं पाईपचं काम हातात आलं तेव्हा कळलं की हे तेच आहे. सोल्डर म्हणून जी तार येते ती शंभरातले ९७ भाग कथील आणि उरलेलं तांबं. फ्लक्सच्या डबीत झिंक क्लोराइडबरोबर बऱ्याचदा नवसागरच असतो, फक्त व्हॅसलीनसारख्या मलमात कालवलेला. पाईप आणि फिटिंगच्या मधली फट मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढी, त्या फटीत कथील वर पण चढतं, आडवं पण जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून फट मापात पाहिजे. आमच्याकडं एसीवाल्यांचा अर्धा इंची पाईप मिळतो तो बाहेरनं १२.७ मिली, त्याच्या वरचा ५/८ म्हणजे १५.८८. आजींच्या मुलानं आणलेला १५. जवळजवळ बसतंय म्हणून ५/८ चं फिटिंग १५ वर चढवलं तर ते खुळखुळतं, कथील नुसतं गळून खाली पडतं. हाच पराक्रम आधी कुणीतरी करून गेलेला, त्या एल्बोवर वरनं एमसीलचा गोळा थापलेला. एमसील! गरम पाण्याच्या लाईनीवर! बोलू नये, पण बोलतो.

दुसरं ठिकाण कुवेत. सहा वर्षं होतो पाईप फिटरचा हेल्पर आणि मग फिटर. फोरमन मल्याळी, बारीक चणीचा, आवाज कधी चढवायचा नाही. त्याची एक सवय. तुम्ही केलेल्या जॉइंटपैकी एखादा तो न सांगता करवतीनं उभा कापायचा आणि दोन फाका हातात द्यायचा. बघ म्हणायचा. समोरच्या बाजूला आतनं सगळं चंदेरी, आरशासारखं, आणि मागच्या बाजूला, जी भिंतीकडं होती, तिथं काळा पट्टा. बाहेरनं बघितलं तर गोल कडं पूर्ण दिसायचं, एक नंबर जॉइंट. आत अर्धा कोरडा. माझे पहिल्या महिन्यात असे किती निघाले ते मी घरी पण सांगितलेलं नाही. आपण जिथं हात पोचतो तिथं घासतो, जिथं पोचत नाही तिथं घासल्यासारखं करतो, आणि कथील बिचारं, मामा म्हणाला तसं, घाण आली की थांबतं. मग अडचणीच्या जागेत मागची बाजू घासायची कशी, तर त्यानं दाखवलं. एमरीची, म्हणजे घासकागदाची, पट्टी बोटभर रुंद फाडायची, पाईपच्या मागनं घालून दोन्ही टोकं पुढं घ्यायची आणि आळीपाळीनं ओढायची. ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात ना, अगदी तसं. मी त्याला हे सांगायचा प्रयत्न केला, मल्याळी-हिंदी-मराठीत ताक काय पोचलं नाही.

तर आजींच्या माळ्यावर. निम्म्याच्या वर काम मी खाली केलं, अंगणातल्या पायरीवर. नियम माझा असा की जेवढं उजेडात होतं तेवढं उजेडातच करायचं, माळ्यावर फक्त जे खाली होतच नाही तेवढं न्यायचं. जुना एल्बो दोन्हीकडनं कापून काढला. नवीन एल्बोला दोन्ही बाजूंनी वीतभर पाईप पायरीवर बसूनच जोडले, निवांत, चहा पीत. मग वर राहिले दोनच जॉइंट, आणि त्यासाठी मधे आडकाठी नसलेलं कपलिंग, म्हणजे दोन पाईप जोडायचा तुकडा, जे एका पाईपवर पूर्ण सरकवायचं आणि मग अर्धं परत मागं आणायचं. कुठपर्यंत आणायचं त्याची पेन्सिलनं खूण आधीच करून ठेवायची, अंधारात अंदाज चुकतो. १५ मिलीची फिटिंग्ज माझ्याकडं कुवेतपासूनची आहेत, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, बायको दर दिवाळीला विचारते हे टाकायचं काय.

एक जॉइंट तुळईपासून लांब नेला, त्याचं काय नाही. दुसरा मात्र कितीही इकडंतिकडं केलं तरी तुळईच्या मागंच आला.

इथं मला जरा थांबून एक सांगावं लागेल. बारा-तेरा वर्षं झाली असतील, खानापूरकडं एका जुन्या वाड्यात मी असाच एक डाग दिला होता, दाराच्या चौकटीमागं. ओलं पोतं लावलेलं, काळजी घेतलेली, डाग झकास बसला, पैसे घेतले, संध्याकाळी घरी आलो, जेवलो. रात्री नऊला फोन. "वो, भिंतीतनं धूर यायलाय." चौकटीमागच्या पोकळीत उंदरानं काथ्या आणि चिंध्या नेऊन घरटं केलेलं, त्यात एक ठिणगी किंवा नुसती गरमी शिरली असणार, ज्वाळ नाही काही नाही, आतल्या आत तीन-चार तास धुमसत राहिलं. मी मोटरसायकल मारत जाईपर्यंत त्यांनी चौकट फोडून घागरीनं पाणी ओतलेलं. कुणाला काय झालं नाही. चौकट हातभर काळी. त्या घरातली म्हातारी मला काही बोलली नाही, नुसती बघत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे. सुताराचे पैसे मी दिले. पण तेव्हापासून लाकडाजवळ बर्नर पेटवायचा म्हटलं की पोटात गोळा येतो तो येतोच.

म्हणून आता माझा सोपस्कार मोठा असतो, बघणाऱ्याला हसू येईल असा. आधी फटीतली धूळ, जाळी, काड्या सगळं ब्रशनं आणि मग आजींच्या व्हॅक्यूम क्लीनरनं (तोही मुलानं आणलेला) ओढून काढलं. मग लाकडावर फवारणीच्या बाटलीनं पाणी, इस्त्रीवाल्याकडं असते तसली बाटली, चांगलं ओलंगच्च होईपर्यंत. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, तुळई आणि पाईपच्या मधे सरकवला, पत्र्यामागं ओली चिंधी. शेजारचा जॉइंट सुटू नये म्हणून त्याच्यावर पण ओलं फडकं गुंडाळलं, तांबं लई चुगलखोर, इथली गरमी क्षणात तिथं पोचवतं. बाजूला पाण्याची बादली. बर्नर नळीवाला, म्हणजे गॅसची टाकी खाली उभी आणि फक्त नळी वर. ते हातात धरायचे छोटे डबे असतात त्यांनी अशा जागेत काम करू नका, डबा आडवा-उलटा झाला की गॅस न येता पातळच येतं आणि ज्योत भसकन हातभर होते, भुवया जातात.

राहिला तो थेंब. वॉल्व्ह सोडतच होता. त्याला जगभरच्या प्लंबरांचा एकच उपाय आहे, पाव. कोपऱ्यावरच्या बेकरीतनं लादी पाव आणायला पोरगं पाठवलं. आजी म्हणाल्या, "भूक लागली असंल तर भाकरी हाय की रे, पाव कशाला खातोस?" म्हटलं खायला न्हाई आजी, पाईपात घालायला. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण चेहऱ्यावर दिसलं की माणूस हातचा गेलाय. मग त्यांनीच सुचवलं, भाकरी घाल की मग, कालची हाय. भाकरी नाही चालत. पावाचा आतला पांढरा मऊ भाग तेवढा घ्यायचा, वरची लाल साल नाही, ती विरघळत नाही. गोळी करून पाईपात बोटानं आणि मग पेन्सिलीनं चांगली तीन-चार इंच आत सारायची, ज्योतीपासून लांब. पाव पाणी पितो, पाच-सात मिनिटं धरून ठेवतो, काम झालं की भिजून लगदा होतो आणि नळातनं निघून जातो. खालचा नळ उघडाच ठेवायचा, वाफेला वाट पाहिजे.

मग पट्टीनं ताक घुसळलं, पुढं-मागं, तांबं गुलाबी होईपर्यंत. घासल्यावर बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पण त्याला खपत नाही. फ्लक्स लावला, कपलिंग खुणेवर आणलं. दाढीचा आरसा भिंतीला टेकवून मागची बाजू दिसेल असा ठेवला. तार घेतली, टोकाकडनं १५ मिलीवर वाकवली, कारण १५ मिलीच्या जॉइंटला साधारण तेवढीच तार लागते, त्याच्यापेक्षा जास्त गेली तर ती आत थेंब होऊन बसते, आणि मग उरलेल्या तारेला मासे धरायच्या गळासारखा आकडा केला.

बर्नर पेटवला. ज्योत कपलिंगवर, पाईपवर नाही आणि तारेवर तर नाहीच. फ्लक्स आधी पाण्यासारखा पातळ होतो, मग चुरचुरतो, मग तांब्याचा रंग जरा खोल जातो. त्याच्या पुढं गेलात आणि ज्योतीची कड हिरवी दिसायला लागली की समजा उशीर होतोय. आणि इथं तो फोरमनचा मंत्र, जिथं ज्योत आहे तिथं तार लावायची नाही. तिथं ती वितळणारच, त्यातनं काय कळत नाही. आकडा मागनं घालायचा, पार मागं, भिंतीकडं, जिथं ज्योत पोचतच नाही, आरशात बघून. आरशात डावं-उजवं उलटं, माझा हात दोनदा चुकीकडं गेला, एकदा आकडा तुळईला टेकला. घाम डोळ्यात. फ्लक्सचा धूर कौलाला आपटून तोंडावर परत. श्वास धरलेला. आणि मग आकड्याचं टोक मागच्या कडेला टेकलं आणि तार एकदम मऊ झाली, हातातनं कुणीतरी घेतल्यासारखी आत गेली, आणि पुढच्या बाजूला, माझ्या नाकासमोर, कडेनं बारीक चंदेरी रेघ उमटून गोल फिरली. मी पुढं काहीच लावलेलं नव्हतं. ती मागनं आली होती.

बर्नर बंद केला आणि "आतु!" म्हणून मीच ओरडलो. खालनं पोरगं म्हणतंय, "आत? अण्णा, येनु आत?"

लगेच हलवायचं नाही, पाणी मारायचं नाही, त्याला त्याच्या त्याच्या गतीनं गोठू द्यायचं. मग ओल्या फडक्यानं फ्लक्स पुसून काढायचा, नाहीतर तो महिन्यात हिरवा होतो आणि तांबं खातो. पत्रा काढला, लाकडाला हाताचा पंजा लावून बसलो. कोमट. पाच मिनिटांनी परत. अर्धा तास मी तसाच बसतो, गिऱ्हाईक म्हणतं झालं की आता, जावा की, मी म्हणतो बसतो जरा, पाऊस हाय. पाऊस नसला तरी बसतो. आजींनी वर शिडीवरनंच चहा दिला, पितळी कपबशीत, आणि मी बघितलं तर बशीची कल्हई पार गेलेली, पिवळं पितळ दिसायलंय. त्यांना म्हटलं यात आंबट काय खाऊ नका. "कल्हई करणारा कोण राह्यलाय आता," म्हणाल्या. मामा जाऊन नऊ वर्षं झाली. भाता माझ्याकडं आहे, अडगळीत, कातडं फाटलेला. म्हटलं बघतो, आणून ठेवा सगळी एकदम. म्हणून तर गेलो, अजून भाता दुरुस्त झालेला नाही, तेवढं एक डोक्याला लागून आहे.

खालचा नळ सोडला, आधी फसफसला, मग पावाचा लगदा आला, मग स्वच्छ गरम पाणी. नळाच्या तोंडाची जाळी आधीच काढून ठेवली होती, इतका काय मी कच्चा नाही. जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळून दहा मिनिटं बघितलं, कोरडा. पैसे घेतले, निघालो, पोराला वाटेत मिसळ दिली.

दोन दिवसांनी सकाळी सातला आजींचा फोन. पोटात गोळा. धूर म्हणतात काय आता, तुळई म्हणतात काय.

"बाळा, डाग गळत न्हाई रे, बरं हाय ते," म्हणाल्या. "पण वरचा भाडेकरू अंघोळीला गेलाय आणि ओरडाय लागलाय. त्याच्या शॉवरातनं लापशी पडायलीय. गूळ तेवढा घालायचा राह्यलाय बघ."